नीलाक्का, दूध उतू जातंय

हे आत्ताच्या आत्ता सांगायला पाहिजे. नखात माती आहे, हात नीट धुतलेले नाहीत, आई जेवायला हाका मारून दमली, पण आधी हे. उद्यावर टाकलं तर मी शहाण्यासारखं लिहीन, आणि शहाण्यासारखं लिहिलेलं आज मलाच नकोय. टाक दौतीत बुडवायलासुद्धा वेळ काढवत नाही. डाग पडले तर पडू देत.

नीलाक्का, तुझं अंगण आज रिकामं झालं. तुला नेऊन अजून आठवडा नाही झाला. आणि ज्यांनी रिकामं केलं त्यांनी एकेक रोप तोंडानं मागून नेलं. "घेऊ का हो?" "घ्या की." "हेपण नेऊ का हो?" "न्या की." मी भिंतीच्या अलीकडं उभी राहून ऐकत होते. मला सारखं वाटत होतं, आता ही म्हातारी उठून येतीय आणि एकेकीच्या हातावर केरसुणी हाणतीय.

पहिल्यांदा एक सांगून टाकते. तू मेलीस म्हणून एकदम चांगली झालीस असं मी म्हणणार नाही. ते काम गल्लीनं घेतलंय. पलीकडची गोदूकाकू, जी इतकी वर्षं तुला 'चिकट म्हातारी' म्हणत आली, ती परवापासून दारावरनं जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून सांगतीय, "देवमाणूस हो. काय हात सढळ होता." सढळ. मला तिथंच हसू फुटलं आणि आईनं मला चिमटा काढला. अगं, माझ्या मराठी सहावीपासून मी तुझ्याकडं बटमोगऱ्याची एक फांदी मागत होते. एक. वीतभर. पेन्सिलीएवढी जाड. आता मी ट्रेनिंग संपवून मास्तरीण झाले, पुढच्या महिन्यात करमाळ्याच्या मुलींच्या शाळेत रुजू व्हायचंय, आणि ती फांदी तू मला दिली नाहीस ती नाहीसच. हा सढळ हात असेल तर मला चिकटपणा कशाला म्हणतात तेच माहीत नाही.

तुला माहितीय, पण वाचणाऱ्यांना नाही, म्हणून सांगते. नीलाक्का आमच्या भिंतीपलीकडची. अक्कलकोटच्या पलीकडच्या कुठल्यातरी खेड्यातली, घरात कानडी बोलणारी, परकर नेसायच्या वयात सोलापुरात दिलेली, आणि नवरा गेल्यापासून एकटी. तिच्या न् आमच्या अंगणामधे छातीएवढी दगडाची भिंत. भिंतीच्या त्या बाजूला सगळं फुललेलं आणि या बाजूला माझे घासलेटचे डबे, त्यात माझी वाळलेली बाग. मोगरा तिच्या मोरीच्या कोपऱ्यात, चांगला कमरेएवढा. चैत्रात कळ्या लागल्या की गिरणीचा सकाळचा भोंगा ऐकून जाग यायच्या आधी वासानं जाग यायची. बटणासारख्या गच्च कळ्या. असा मोगरा मी दुसरीकडं पाहिला नाही, आणि पाहिला असता तरी मला तोच पाहिजे होता.

पहिल्यांदा मागितली तेव्हा तू काय म्हणालीस आठवतंय? 'ब्याड' म्हणालीस. नको म्हणायचं असलं की तुझ्या तोंडात कानडीच यायचं.

"मागून नेलेली फांदी लागत न्हाय ग."

"का लागत नाही?"

"दिली म्हनलं की झाडाला ऐकू येतंय. त्याला कळतंय, आपल्याला घरातनं काढलं. मग रुसतंय. वाळतंय. न सांगता नेलं की त्याला वाटतंय, आपण हितंच हाय."

"म्हणजे चोरायची?"

"मी कुटं म्हनलं चोर?" असं म्हणून तू पदर सावरलास आणि एकदम, "थांब, दूद उतू जातंय की ग," म्हणत आत गेलीस.

मी थांबले. थांब म्हणालीस म्हणून थांबले. शाळेत बाईंपुढं उभं राहायची सवय, तशी दोन्ही हात पाठीमागं बांधून. तू आत लई वेळ होतीस. भांड्याचा आवाज नाही, काही नाही. मग बाहेर येऊन आधी मोगऱ्याकडं बघितलंस, मग माझ्या हातांकडं.

"अजून हितंच हायस व्हय?"

"मी चोरणाऱ्यातली नाही," मी मान ताठ करून सांगितलं.

"बरं बाई," तू म्हणालीस, आणि तुझं तोंड असं झालं जसं कुणी तुझ्या ताटातलं वाढलेलं परत पातेल्यात टाकलं.

मला वाटलं, हरली म्हातारी. मला तेव्हा सगळीकडं जिंकायचंच असायचं.

त्यानंतर दर पावसाळ्यात आपलं हेच भांडण. मी मागायचं, तू ब्याड म्हणायचं. मी म्हणायचं, झाडाला कान कुठं असतात ते दाखव. तू म्हणायचं, तुज्या मास्तरला विचार, त्याला येवडं बी म्हाईत न्हाय व्हय. मी म्हणायचं, तू मला उघडपणे हातात दे, मी लावते, आणि लागली की सगळ्या गल्लीसमोर कबूल कर की तुझं म्हणणं खुळचट आहे. तू म्हणायचं, आन वाळली तर? मी म्हणायचं, वाळणार नाही. मग तू आकाशाकडं बघून, जसं काही तिथं कोण तुझ्या बाजूचं बसलंय, "दूद उतू जातंय की ग," म्हणत आत. आणि मी हात बांधून उभी. मला त्या उभं राहण्याचा अभिमान वाटायचा. लिहितानासुद्धा कानशिलं तापायला लागलीत.

बागेतलं तुला सगळं कळत होतं असंही कुणी समजू नये. तुझी निम्मी बाग निव्वळ अडाणीपणावर चालली होती. दोडक्याच्या मांडवाला जुनी चप्पल टांगलेली. का, तर दृष्ट लागू नये. कोवळ्या दोडक्याला बोट दाखवायचं नाही, दाखवायचंच झालं तर मुडपून दाखवायचं, नाहीतर कुजतो. मी मुद्दाम सगळ्या मांडवाला सरळ बोट दाखवत फिरले होते आणि एक दोडका कुजला नाही. तू ते बघितलंस आणि म्हणालीस, "तुजं बोट कच्चं हाय अजून." आणि ते डाळिंब? चुलीतली राख निवायची वाट न बघता तू ती ऊन-ऊन बुंध्यात ओतलीस आणि चांगलं लागतं झाड मारलंस. मी म्हणाले, "राखेनं गेलं." तू म्हणालीस, "गोदूच्या नजरेनं गेलं." गोदूकाकूशी तू महिनाभर बोलली नाहीस त्या डाळिंबापायी, आणि तीच आज देवमाणूस म्हणत तुझी तगर मुळासकट उपटून घेऊन गेली.

पण माझा बाजारातला मोगरा मात्र तुझ्यासमोर मेला, ते खरंय. तुझ्या नाकावर टिच्चून मी बाजारातनं एक मोगरा आणून डब्यात लावला होता. रोज सकाळ-संध्याकाळ पाणी. मासिकात वाचून शेणाचं पाणी. भाताचं धुवण. पानं कशी तुकतुकीत झाली. कळी एक नाही. तू भिंतीवरनं डोकावून म्हणायचीस, "पाल्याची भाजी कर ग त्याची." त्याच वेळी तुझ्या बाजूला काय चाललेलं? पौषात तू मोगऱ्याचं पानन्‌पान हातानं ओरबाडून काढायचीस, फांद्या निम्म्यावर छाटायचीस आणि पाणी बंद. काळ्या मातीला हाताची बोटं जातील अशा भेगा पडायच्या. मी भिंतीवरनं ओरडायचे, "अक्का, काय छळ लावलायस?" तू वर न बघता म्हणायचीस, "सुखात असलं की फुलत न्हाय ते. जीव जातोय असं वाटलं म्हंजे फुलतंय." मला ते वाक्य मुळीच आवडलं नाही, आणि अजूनही आवडत नाही. बायामाणसांना पिळणारे लोकही असंच बोलतात. पण शिवरात्रीनंतर तू बुंधा उकरून शेणखत घातलंस, मोरीचं पाणी सोडलंस, आणि चैत्रात तुझ्या झाडावर पानांपेक्षा कळ्या जास्त. माझा डब्यातला मोगरा तोवर कुजून गेला होता. त्याची मुळं हातात धरली तर चिखल आला. आता मी कुणालाही सांगते, मोगऱ्याला रोज पाणी घालू नका. एवढं तुझ्याकडनं घेतलं. मला आवडलं नाही, तरी घेतलं.

आणि ते मार्शल लॉच्या उन्हाळ्यातलं. सगळ्यांनी दारं लावून घेतली होती, बाजार बंद, गल्लीत सोजिरांच्या बुटांचे आवाज, वडील गांधी टोपी कपाटात लपवून बसलेले. नेमका तेव्हाच तुझा मोगरा असा फुलला होता की अंगण पांढरं. एरवी शेजारच्या देवळात जायची फुलं, ती कुणी नेईना. मी आणि आई आतल्या खोलीत बसलो होतो आणि अंगणात कायतरी धप्प झालं. आईचा रंगच उडाला. मी दाराच्या फटीतनं बघितलं तर ओल्या फडक्याचं गाठोडं. त्यात ओंजळभर कळ्या. थोड्या वेळानं गोदूकाकूच्या अंगणात धप्प. मग समोरच्या नरसम्माच्या मागाच्या पडवीत. दारं बंद आणि तू आपली अंगणात उभी राहून एकेका घरात कळ्या फेकत होतीस. संध्याकाळी मी भिंतीपाशी येऊन हळूच विचारलं, "भीती नाही वाटत?" तू म्हणालीस, "फुलाला कोन सांगनार, आज बंद हाय म्हनून?"

फुलं तू अशी फेकत होतीस. फांदीचं मात्र ब्याड. याचा मला जास्तच राग यायचा.

एकदा मात्र मला वाटलं, मी तुला गप्प केलं. मागच्या वर्षीची गोष्ट. ट्रेनिंग कॉलेजातनं सुट्टीला आले होते, अंगात नवं-नवं शहाणपण. तुझ्या उंबऱ्यावर बसून गुळाचा कोरा चहा पीत होते. त्या चहालाही मी नावं ठेवत होतेच. "अक्का, हा चहा आहे की काढा?" "दूद पचत न्हाय मला. घरात आनतच न्हाय. लई हौस असली तर तुज्या बाला म्हनावं, तुमच्यातला रतीब हिकडं वळव." हे तू मला तुझ्या तोंडानं सांगितलंस, हे लक्षात ठेवा वाचणाऱ्यांनी, कारण मी ठेवलं नाही. मग नेहमीचं भांडण निघालं आणि मी म्हणाले, "दिलेलं लागत नाही असं म्हणतेस, तर मग मुली देतात त्याचं काय? त्या लागतातच की सासरी."

तू कपातला चहा फिरवत बसलीस. मग म्हणालीस, "मला दिलेलं. सगळ्या गावासमोर, वाजत-गाजत. लागले का मी हितं?"

घरात तू आणि तुझं झाड. दुसरं कोण नाही. मग तू उठलीस, आणि नेहमीसारखं "दूद उतू जातंय" म्हणत आत गेलीस, आणि त्या दिवशी तर मी कप खाली ठेवून पायात चपला घातल्या न् घरी आले. मला वाटलं, रडायला गेली असेल. म्हणून निघाले. सभ्यपणा माझा.

आता आजचं.

तुझा पुतण्या आला, मलप्पा. जिवंतपणी तुझ्याकडं फिरकला नाही, आता अक्कलकोटाहून कोट घालून, कानात अत्तराचा फाया खोचून हजर. बाजेवर बसून त्यानं जाहीर केलं की अंगण साफ करून तिथं मागाची शेड घालायची न् भाड्यानं द्यायची. "संध्याकाळपातूर ज्याला जे पायजे ते न्यावा. गडी येनार हाय उकरायला." बास. नळाला पाणी आल्यावर जशी धावतात तशी गल्ली धावली. तगर गेली, जास्वंद गेली, तुझी तुळससुद्धा गेली. आणि सगळ्या कशा मागून, विचारून, 'हो'कार घेऊन. मीपण पदर खोचून निघाले. आता तरी मिळणार, तेही उघडपणे, दिवसाढवळ्या. माझं म्हणणं खरं करून दाखवायला तू नव्हतीस, पण म्हणणं तर होतं.

मी मोगऱ्याकडं वळले आणि मलप्पा बाजेवरनं म्हणाला, "ओ बाई, ते सोडून. मोगऱ्याला कोन बी हात लावायचं न्हाय. ते मी मुळासकट न्यायलोय. तिकडं एका साहेबाच्या बंगल्याला द्यायचंय."

"मला फक्त एक फांदी पाहिजे."

"न्हाय म्हनलं की. फांद्या तोडल्या तर साहेबाला काय काटक्या देऊ?"

तू काय, तो काय, एकाच खाणीतले दगड. आणि साहेबाला ते झाड वाजत-गाजत देणार, श्रावणातसुद्धा ते वाळणार, आणि याला कळणारसुद्धा नाही का. मी तशीच भिंतीपाशी येऊन उभी राहिले. डोळ्यांत पाणी आलं होतं ते रागाचं होतं, असं मी आईला सांगितलं.

गोदूकाकूनं ते बघितलं. तगर काखेत, तोंडावर दया. "त्यात रडायचं काय ग? माझ्याकडं आहे की बटमोगरा. माझ्याकडनं ने."

"तुमच्याकडं कुठनं आला?"

तिनं इकडंतिकडं बघितलं आणि लाजत हसली. इतक्या वर्षांत मी तिला लाजताना बघितलं नव्हतं. "चोरला. नीलाक्का दूध बघायला आत गेली होती, तेवढ्यात मोडली फांदी न् पदराखाली घातली. तिला पत्ता नाही."

"अय्यो, मी बी तसंच की," समोरची नरसम्मा म्हणाली. तिच्या डोक्यावर तुझी कुंडी होती. "दूद उतू जातंय म्हनून आत गेली. मी पटकन घेतलं. माज्या सासूला म्हनलं, बाजारातनं आनलं."

मग कोपऱ्यावरचीनं सांगितलं. तिनंही तसंच. मग आणखी एक. सगळ्या खुसुखुसू हसायला लागल्या. प्रत्येकीला वाटत होतं की गल्लीतली एकटी चतुर आपण. अंगणा-अंगणात तुझा मोगरा लागलेला, न् प्रत्येकीनं तो पाहुण्यांना वेगळ्या गावचा सांगितलेला.

"पण," मी म्हणाले, "अक्काकडं दुधाचा रतीब नव्हता."

हसणं थांबलं.

"ती दूध घरात आणतच नव्हती. तिला पचत नव्हतं. ती कोरा चहा प्यायची."

नरसम्मानं डोक्यावरची कुंडी खाली ठेवली. एवढ्या सगळ्या चोरट्या, आणि एकीची चोरी खरी निघाली नाही. कुणाच्या तोंडावर काय होतं ते लिहीत बसत नाही, पण त्यानंतर देवमाणूस हा शब्द कुणी काढला नाही. मला त्यातल्या त्यात तेवढंच बरं वाटलं.

आई तेवढी हसत नव्हती. ती भिंतीच्या आमच्या बाजूनं माझ्याकडं बघत होती. "मला वाटलं तुला माहितीय," ती म्हणाली. "तू मुद्दाम घेत नाहीस. तत्त्व म्हणून. या घरात चोरीचं काही येणार नाही असं तूच तर सांगितलं होतंस. म्हणून मीपण कधी आणली नाही."

तत्त्व. हात पाठीमागं बांधून दर पावसाळ्यात तुझ्या मोगऱ्यासमोर उभी राहिलेली मी. आणि आत अंधाऱ्या स्वयंपाकघरात, गार चुलीपाशी उभी राहिलेली तू. कान देऊन. काडकन आवाज येतोय का ऐकत. किती वेळ उभी राहायचीस ग? आणि आवाज नाही. आणि बाहेर येऊन, "अजून हितंच हायस व्हय?"

अक्का, सरळ सांगायला काय झालं होतं? ही तुझी पद्धत मला अजिबात पटत नाही. द्यायचं असलं तर माणसानं द्यावं. हातात द्यावं, तोंडानं म्हणावं. अशी पाठ फिरवून, दुधाचं नाव घेऊन, आणि पुढच्याला कळलं तर कळलं. कुणाला कळलं नाही तर काय करायचं त्यानं? मी पुस्तकातली मुलगी, मला थांब म्हटल्यावर मी थांबणार. त्या शेवटच्या तापातसुद्धा तू तेच केलंस. मी मऊ भात घेऊन आले होते, तू डोळे उघडलेस, अंगणाच्या दाराकडं बघितलंस आणि पुटपुटलीस, "दूद उतू जातंय की ग." आणि मी तुझ्या कपाळावरची पट्टी बदलत म्हणाले, "चूल पेटलेली नाही, अक्का. गप्प झोप." तू माझ्याकडं बघितलंस. मग कूस बदललीस, भिंतीकडं तोंड करून, पाठ माझ्याकडं. मला वाटलं, झोपली.

त्या पाठीचा अर्थ मला आज दुपारी कळला.

मलप्पा बाजेवर आडवा होता, मोगऱ्यापासून हातभर. गडी कुदळ घेऊन दारात आला होता. आईनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा मोगऱ्याकडं, आणि माझी आई, जी देवळातनं जास्तीचा अंगारासुद्धा आणत नाही, ती भिंतीवरनं खणखणीत आवाजात म्हणाली, "अहो मलप्पा, तुमच्या चहासाठी दूध ठेवलंय आत चुलीवर. बघा की, उतू जातंय."

"दूद?" म्हणत तो उठला. फुकटचा चहा म्हटल्यावर कोट सावरत धावलाच आत. जाता-जाता गड्यालाही हाक मारली, "ये रे, भांडं उतरायला." आई लगेच वळली आणि आमच्या अंगणातल्या दोरीवरचे कपडे काढायला लागली. ते वाळलेले नव्हते. गोदूकाकूला अचानक आकाशात ढग दिसले. नरसम्मा वाकून कुंडीतली माती बघायला लागली. सगळ्या गल्लीनं माझ्याकडं पाठ केली, अक्का. तुझ्या अंगणात, तुझ्या झाडापुढं मी एकटी.

मी फांदी मोडली. काडकन आवाज आला, तुझ्या स्वयंपाकघरापर्यंत जाईल एवढा. पदराखाली घातली. जसं काही खजिना फोडला.

मलप्पा बाहेर आला. "कुटं हाय दूद?"

"मांजर प्यालं असेल," आई ओले कपडे घड्या घालत म्हणाली.

आता ती फांदी माझ्या डब्यात आहे. खालची पानं काढली, वाळू आणि पोयटा अर्धा-अर्धा, सावलीला ठेवलंय, वरनं ओलं तागाचं पोतं. पाणी बेतानं. करमाळ्याला जाताना डबा मांडीवर घेऊन मोटारीत बसणार आहे, लोक हसले तर हसू देत. लागली तर तुझं खरं झालं, न् वाळली तर माझं. आजवर तुझ्याशी जेवढं भांडले त्यात माझंच खरं व्हावं असं मला नेहमी वाटलं. या एका खेपेला मी हरले तर बरं. तरी झाडाला कान असतात हे मी मानत नाही, हे परत एकदा लिहून ठेवते.

मानत नाही, पण डब्यापाशी आम्ही सगळ्या हळू बोलतोय. तू गेलीस हे मी त्याला सांगितलेलं नाही. अंगणात आता कुदळीचे आवाज येतायत, तर मी डबा आतल्या खोलीत आणून ठेवलाय. त्याला वाटू दे, आपण हितंच हाय.

आणि तुम्ही वाचणाऱ्यांनो, मला खरंच सांगा, तुमच्यासाठी कधी कुणी असं काहीतरी निमित्त काढून पाठ फिरवली होती का? आणि तुम्ही घेतलंत, की माझ्यासारखे हात बांधून उभे राहिलात?